चिठ्ठीची मागची बाजू

औषधाच्या दुकानात माणूस दोनच कारणांनी जातो. एक तर त्याला स्वतःला बरं नसतं, नाहीतर घरात कुणाला तरी बरं नसतं. चिठ्ठीबाई तिसऱ्याच कारणाने जायच्या. निमूटपणे रांगेत उभ्या राहायच्या, पाळी आली की पर्समधून कागद काढून एखाद्या नव्याकोऱ्या औषधाचं नाव वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, "कितीला आहे?" दुकानदार भाव सांगायचा. मग बाई म्हणायच्या, "तेवढं लिहून द्या." आणि काहीही विकत न घेता चिठ्ठी घडी करून निघून जायच्या.

अशा गिऱ्हाइकावर कुठला दुकानदार खूश होईल? पहिल्या वर्षी एकाने सरळ विचारलं होतं, "बाई, तुम्हाला औषध हवंय की माझी सही?" दुसऱ्याला वाटलं, ही शेजारच्या दुकानाची हेर आहे. त्याने त्यांना मुद्दाम चढा भाव सांगितला, आणि बाईंनी तोही इमानदारीने लिहून घेतला. पण वर्षं जातात तशी माणसं एकमेकांच्या खोडींना सरावतात. पुढेपुढे बाई दारात दिसल्या की दुकानदार आपणहून पेन्सिल शोधायचे. चिठ्ठीबाई हे नाव त्यांनीच पाडलं, ते इस्पितळापर्यंत पोचलं आणि तिथे खऱ्या नावाच्या जागी जाऊन बसलं.

बाई एका मोठ्या सार्वजनिक इस्पितळात औषधनिवडीच्या टेबलावर होत्या. शिक्षण फार्मसीचं, पण गोळ्या मोजून द्यायचं काम त्यांच्याकडे नव्हतं. नव्या औषधाला सरकारची मंजुरी मिळाली की ते बाजारात यायचं. पण मंजुरी म्हणजे विकायला हरकत नाही, एवढंच. इस्पितळाने आपल्या खिडकीवरून ते फुकट द्यावं का, हे ठरवायला पाच जणांची समिती होती. ती दर तीन महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसायची. तिच्यापुढे प्रत्येक औषधाचा चार पानी कागद मांडायचा, हे बाईंचं काम. त्या कागदात तीन प्रश्नांची उत्तरं असायची. जुन्या औषधापेक्षा हे बरं आहे का? ते कशावरून, म्हणजे किती माणसांना देऊन पाहिलं? आणि तिसरं, दुकानात कितीला मिळतं?

पहिल्याच प्रश्नाला बहुतेक औषधं गळायची. बाईंनी असं खोकल्याचं औषध पाहिलं होतं, ज्यात जुनंच औषध होतं, फक्त बाटली उंच आणि निळी झाली होती. डोकेदुखीची अशी गोळी पाहिली होती, जी जुन्या गोळीपेक्षा अर्धा तास लवकर काम करायची आणि तिप्पट महाग होती. "अर्ध्या तासाला कुणी तिप्पट देतं का? त्यापेक्षा अर्धा तास पडून राहा," असं बाई तोंडाने म्हणाल्या आणि कागदावर सभ्य भाषेत लिहिलं. नव्याचं त्यांना वावडं नव्हतं. पण नवं म्हणजे चांगलं असं नसतं, नवं म्हणजे फक्त नवं, हे त्या कुणालाही सुनवायच्या. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही.

आणि तो भाव दुकानातूनच का आणायचा? कंपनी देते की छापील भावपत्रक! तर त्याचं असं झालं होतं, की नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनी कंपनीच्या पत्रकावर विश्वास ठेवला होता. औषध यादीत लागलं. नव्या औषधाला पहिली दोन वर्षं ठोक भाव मिळत नाही, त्यामुळे इस्पितळालाही ते बाजारभावानेच घ्यावं लागायचं. आणि बाजारात ते पत्रकापेक्षा दीडपट निघालं. भर सभेत बाईंना उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून बाईंचा नेम होता, एका औषधाला तीन दुकानं, तीन चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्या कागदाच्या कोपऱ्यात एकाच पिनेने लावायच्या, म्हणजे उलटून मागची बाजूही पाहता येते. डिंकाने कधीच चिकटवायच्या नाहीत. आणि कागद सादर करण्याआधी प्रत्येक चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचायची.

या चिठ्ठ्यांची सगळ्यात जास्त टर कोण उडवत असेल, तर ते समितीतले हिशेब खात्याचे साहेब. त्यांना सारं इस्पितळ कात्रीसाहेब म्हणायचं, अर्थात पाठीमागे. त्यांच्या हाताखालून गेलेला कुठलाही खर्च आखूड होऊनच बाहेर पडायचा. माणूस उंच, किडकिडीत, बोलणं तुसडं. स्वतःवरही खर्च नाही. त्यांच्या शर्टाच्या उजव्या बाहीचं काज फाटलेलं होतं आणि बटण त्यात राहायचं नाही, म्हणून बाहीला ते टेबलावरची पेपरक्लिप लावायचे. तीच क्लिप सभा संपली की परत डबीत टाकायचे. बाई आत आल्या की म्हणायचे, "आल्या! बाई, आज किती चिठ्ठ्या? सोडत काढायची आहे का?" सगळे हसायचे. बाईही हसायच्या, कारण न हसून काय करणार. पण मनात म्हणायच्या, अकरा वर्षं मी उन्हातान्हात तीन-तीन दुकानं फिरते आणि त्या चिठ्ठ्या माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

आता थोरल्या जाऊबाईंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून ही चिठ्ठीबाई घडलीच नसती.

बाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. मुलगी सहा महिन्यांची झाली आणि फार्मसीच्या राहिलेल्या दोन वर्षांसाठी जागा मिळाल्याचं पत्र आलं. सासूबाई म्हणाल्या, "मूल पाळण्यात आणि आई वर्गात, हे कसं चालायचं?" नवरा कपाळाला आठ्या घालून भिंतीकडे पाहत राहिला. थोरल्या जाऊबाई मशीनवर बसल्या होत्या. त्या घरबसल्या एका शिंप्याच्या दुकानासाठी काजं-बटणं करायच्या. मशीन न थांबवता त्या म्हणाल्या, "मूल माझ्या मांडीवर राहील. काजं काय, एका मांडीवर मूल घेऊनही होतात." आणि खरंच दोन वर्षं तशी झाली. बाई सकाळी निघायच्या तेव्हा डबा भरलेला असायचा. संध्याकाळी परत यायच्या तेव्हा मुलगी न्हाऊन, पावडर लावून, जाऊबाईंच्या मांडीवर रिळांशी खेळत असायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी बाईंनी घातलेला पांढरा कोट जाऊबाईंनी शिवलेला होता. त्याची काजं हाताने केलेली, टाके इतके बारीक की आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली ते कळू नये.

ते हात तीन वर्षांपूर्वी सुजायला लागले. आधी सकाळचे आखडायचे, मग दिवसभर. डॉक्टर म्हणाले संधिवात, पण म्हातारपणाचा नव्हे, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं तो. दोन जुनी औषधं झाली. एकाने काही महिने बरं वाटलं, दुसरं सोसलं नाही. सुई धरणं गेलं, मग वेणी घालणं, मग पाण्याचा ग्लास एका हाताने उचलणं. शिंप्याच्या दुकानातून काजांचं गाठोडं येणं बंद झालं. त्या दिवशी जाऊबाईंनी मशीनवर चादर घातली आणि म्हणाल्या, "बरं झालं, खोलीत जागा झाली." बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आणि नेमकी याच आजारावरची नवी गोळी मंजूर होऊन बाईंच्या टेबलावर आली.

बाईंनी कागद वाचायला घेतला तो नेहमीच्या संशयी नजरेनेच. पण ही निळी बाटली नव्हती. ज्यांना आधीच्या दोन औषधांनी गुण आला नव्हता अशाच माणसांना ती देऊन पाहिली होती. दहांतल्या चौघांची सूज निम्म्याहून जास्त उतरली होती. तुलनेसाठी नुसती साखरगोळी दिलेल्यांत एकाची. दर महिन्याला रक्त तपासावं लागणार होतं, जंतुसंसर्गाचा धोका होता, ते सगळं खरं. तरीही बाईंनी बऱ्याच वर्षांनी एखाद्या औषधापुढे 'होय' असं लिहिलं. लिहून होत नाही तोच आठवडाभरात जाऊबाई तपासणीहून आल्या आणि हातातला कागद पुढे करून म्हणाल्या, "बघ गं, डॉक्टरांनी हे काहीतरी नवीन लिहिलंय. म्हणाले, आता हीच एक गोळी उरलीय. सांधे अजून वाकलेले नाहीत, पण एकदा वाकले की परत सरळ होत नाहीत. इस्पितळाच्या खिडकीवर अजून मिळत नाही म्हणाले. तुला ठाऊक आहे का?"

बाईंना ठाऊक होतं.

"ताई," त्या म्हणाल्या, "हे औषध माझ्याच टेबलावर आहे."

जाऊबाईंनी कागद परत घेतला. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी खोटं नाही हं लिहायचं. तुला मी त्यासाठी नाही शिकवलं."

दुसऱ्या दिवशी बाई अध्यक्ष असलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुणाचा भाग तुम्ही आधीच लिहिलाय, तो राहू दे. भावाचा भाग पुरा करा. सभेत मात्र या औषधाच्या वेळी तुम्ही बाहेर बसायचं. ज्याच्या घरी रोगी, त्याने निर्णयात नाही." नियमच होता तो, आणि बाईंना मान्य होता.

पण मन कुठे नियमाने चालतं? बाईंना एकच धास्ती पडली, की आपण आपल्या माणसाकडे झुकू. झुकू नये म्हणून त्या इतक्या ताठ उभ्या राहिल्या की उलट्या बाजूला झुकल्या. चाचणीत रोज दहा मिलिग्रॅम दिलं होतं, पाचाच्या दोन गोळ्या, एकदम. बाईंनी तेच धरलं. दुकानात गेल्या तेव्हाही मनात हेच घोळत होतं, सगळ्यात कडक भाव लावायचा, कुणी बोट दाखवायला जागा ठेवायची नाही.

तिसरं दुकान म्हाताऱ्या दुकानदाराचं. जाड भिंगाचा चष्मा, कानावर पेन्सिल, आणि कागदाच्या बाबतीत इतका काटकसरी की चिठ्ठ्या जुनी पाकिटं कापून करायचा. त्याने नाव लिहिलं, भाव लिहिला, दहा गोळ्यांची पट्टी सोळाशेला. "आणखी काही?" त्याने नेहमीसारखं विचारलं. बाईंचं घड्याळाकडे लक्ष होतं. जाऊबाईंना रक्त तपासायला न्यायचं होतं. "नाही काका, एवढंच," म्हणत त्यांनी हात पुढे केला. म्हातारा आणखी काहीतरी खरडत होता. त्याचं होताच बाईंनी चिठ्ठी घेतली, घडी केली आणि निघाल्या.

टेबलावर येऊन त्यांनी गुणाकार केला. रोज दोन गोळ्या, महिन्याला साठ, म्हणजे सहा पट्ट्या. नऊ हजार सहाशे. अशा औषधांसाठी समितीची मर्यादा एका रुग्णामागे महिन्याला सहा हजारांची. त्यावर गेलं की औषध वर्षभरासाठी बाजूला. बाईंनी तो आकडा तीनदा तपासला. मग चिठ्ठ्या कोपऱ्यात एका पिनेने लावल्या आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या उलटून न पाहता कागद पाकिटात घातला. आकड्याकडे परत पाहवतच नव्हतं.

घरी त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. महिन्याला नऊ हजार सहाशे म्हणजे त्यांचा जवळजवळ अर्धा पगार, आणि घरात खाणारी तोंडं सहा. थोरले दीर निवृत्त. नवऱ्याने एकदा विचारलं, "काय होईल गं?" तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "जे कागदावर आहे ते होईल."

सभेच्या दिवशी पहिली दोन औषधं झाली. एक गळलं, एक पुढच्या वेळेवर गेलं. तिसऱ्याची पाळी आली तशा बाई उठल्या. कात्रीसाहेबांनी नेहमीच्या सुरात विचारलं, "चालल्या? आणि चिठ्ठ्या कोण वाचून दाखवणार?" या खेपेला बाईंना हसू आलं नाही. त्या बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या.

तो बाक लाकडी होता, एक पाय आखूड, बसलं की डुगडुगायचा. समोर भिंतीवर हात धुण्याच्या सूचना. बाईंनी त्या वाचल्या. संपल्या तशा परत पहिल्यापासून वाचल्या. दाराच्या धुरकट काचेतून आत कुणीतरी उभं राहिलेलं दिसत होतं, शब्द कळत नव्हते. बाई मनात वाक्यं जुळवत होत्या. ताईंना कसं सांगायचं? 'पुढच्या वर्षी परत घेणार आहेत.' पण पुढच्या वर्षापर्यंत सांधे थांबतील का? ज्या हातांनी माझं मूल सांभाळलं, त्यांच्यासाठी मी काय केलं, तर एक बिनचूक कागद लिहिला. एवढा बिनचूक की त्यात ताईंना जागाच उरली नाही. त्यांना स्वतःचा राग आला, मग रागाचीही लाज वाटली.

अर्धा तास झाला. एवढा वेळ कशाला लागावा? मर्यादेबाहेरचं औषध पाच मिनिटांत बाजूला होतं. मग दार उघडलं आणि डॉक्टरीणबाईंनी स्वतः बाहेर डोकावून म्हटलं, "बाई, आत या. तुमच्या कागदात चूक आहे."

अकरा वर्षांत हे वाक्य बाईंनी ऐकलं नव्हतं. त्या आत गेल्या. टेबलावर त्यांचा कागद उघडा पडला होता. कोपऱ्यातली पिन काढलेली. म्हाताऱ्या दुकानदाराची चिठ्ठी कात्रीसाहेबांच्या दोन बोटांत उलटी धरलेली. बाहीची क्लिप निसटून टेबलावर पडली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"वाचा," कात्रीसाहेब म्हणाले.

मागे पेन्सिलीने, जागा पुरेना म्हणून बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'हीच गोळी दहा मिलिग्रॅमचीही कालच आली. पट्टीचा भाव तोच, सोळाशे. दोन पाचाच्या घेण्यापेक्षा एक दहाची घ्यावी.'

बाईंनी ते दोनदा वाचलं.

"कंपनीने पत्रकात दहाच्या गोळीचं नाव दिलं होतं, पण भाव फक्त पाचापुढे छापला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्ही आत्ता दुकानात फोन करून विचारलं, बाकीच्या दोन दुकानांतही. तोच भाव आहे. आणि सांध्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पाचाच्या दोन काय आणि दहाची एक काय, पोटात गेल्यावर सारखंच. रोज एक गोळी, महिन्याला तीन पट्ट्या."

"चार हजार आठशे," कात्रीसाहेब म्हणाले. "मर्यादेच्या बाराशे आत. अर्धा खर्च कापला मी!" त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता जसा एखाद्याला अंगणात हरवलेली किल्ली सापडावी. "औषध यादीत लागलं. सहा महिन्यांनी फेरतपासणी, दर महिन्याला रक्त. लिहून घ्या, चूक कुणाची ते."

"माझी," बाई म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या उभ्या समासात लिहिलं, 'चिठ्ठीची मागची बाजू पाहिली नाही. चूक माझी.' खाली सही केली. मग इतके दिवस आवरलेलं सगळं एकदम वर आलं आणि त्या सगळ्यांसमोर रडल्या. लाज वाटली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा त्यांच्या स्वतःच्याच पिनेला लटकलेला होता.

सभा संपल्यावर खोलीत कात्रीसाहेब एकटेच क्लिप शोधत होते. बाई म्हणाल्या, "साहेब, तुमचे आभार कसे मानू कळत नाही."

"मानू नका. मी तुमच्या जाऊबाईंसाठी नाही केलं. कापायला मिळालं म्हणून केलं."

"पण तुम्ही मागे उलटून पाहिलंत कसं?"

"दर वेळी पाहतो."

"तुम्ही? तुम्ही तर सोडत काढायची का म्हणून..."

"म्हणतो ते म्हणतो, वाचतो ते वाचतो," कात्रीसाहेब चिडून म्हणाले. "डोळ्यांच्या थेंबांचं औषध आठवतंय? सहा वर्षं झाली असतील. त्याच म्हाताऱ्याची चिठ्ठी. मागे घरच्या सामानाची यादी होती. साबण, मेणबत्त्या, दोन झाडू."

दोन झाडू बाईंनाही आठवत होते. तेव्हा त्या टेबलापाशी एकट्याच हसल्या होत्या आणि वाटलं होतं, हे आपल्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नाही. अकरा वर्षं ज्याला त्या आपला वैरी समजत होत्या, तोच एक माणूस त्यांच्या चिठ्ठ्या दोन्ही बाजूंनी वाचत आला होता. त्यांनी खाली वाकून घरंगळून टेबलाखाली गेलेली क्लिप उचलली आणि साहेबांच्या हातात दिली.

येताना त्या म्हाताऱ्याच्या दुकानात थांबल्या. त्याने सवयीने पेन्सिल काढली. "बोला, कशाचा भाव लिहू?"

"आज भाव नको काका. आज साबण द्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही चिठ्ठीमागे लिहिलंत ना, त्याने आमच्या घरातलं एक माणूस वाचलं."

म्हाताऱ्याला काही केल्या आठवेना. "मी तर नेहमीच मागे लिहितो," तो म्हणाला. "नाहीतर कागद अर्धा वाया जातो." साबण मात्र त्याने पूर्ण भावाने विकला.

घरी बाईंनी सगळं सांगितलं, चुकीसकट. जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "त्या माणसाच्या बाहीला क्लिप का?"

"काज फाटलंय."

"अगंबाई," जाऊबाई म्हणाल्या, जसं काही आजारी कात्रीसाहेबच होते.

पहिले दोन महिने गोळीने काहीच केलं नाही. बाई रोज जाऊबाईंच्या बोटांकडे चोरून पाहायच्या आणि जाऊबाई हात पदराखाली घ्यायच्या. दहांतल्या चौघांना म्हणजे दहांतल्या सहांना नाही, हे बाईंएवढं कुणाला ठाऊक होतं? तिसऱ्या महिन्यात एका सकाळी चहाचा कप जाऊबाईंनी एका हाताने उचलला. थोरले दीर वर्तमानपत्र उलटं धरून वाचत बसले. चौथ्या महिन्यात वेणी झाली. पाचव्या महिन्यात मशीनवरची चादर निघाली.

बाईंनी आपला पांढरा कोट आधीच पुढे आणून ठेवला होता. त्याचं दुसरं काज केव्हाचं विरलं होतं, आणि शिंप्याकडे द्यायला त्यांचं मन घेत नव्हतं. जाऊबाईंनी कोट बाजूला सारला. "तुझं नंतर. आधी त्या क्लिपवाल्याचा शर्ट आण."

"ताई, ते देणार नाहीत हो. भलते तऱ्हेवाईक आहेत."

"काज फुकट आहे म्हणून सांग. देईल."

जाऊबाईंना माणसं कळायची. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिला. जाऊबाईंना त्या एका काजाला पूर्ण दुपार लागली. पूर्वी तेवढ्या वेळात चाळीस व्हायची. दोनदा उसवलं. शेवटी चष्मा काढून त्यांनी ते बाईंपुढे धरलं. टाके पूर्वीएवढे बारीक नव्हते, पण ओळीत होते. "वाकडं आलंय," जाऊबाई म्हणाल्या. बाईंनी त्यांचे हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.

सहा महिन्यांनी फेरतपासणीची सभा बसली. त्या औषधाचं नाव पुकारलं गेलं तशा बाई नियमाप्रमाणे उठल्या आणि बाहेर जाऊन डुगडुगत्या बाकावर बसल्या. मिनिटभराने दार परत उघडलं. कात्रीसाहेब बाहेर आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. वजन पडलं तसा बाक डुगडुगायचा थांबला.

"साहेब, तुम्ही कसे बाहेर?"

"नियम आहे," साहेब समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले. "या औषधाने केलेलं काज मी अंगावर घालतो. आत बसून मत कसं देणार? सांगून आलो."

बाईंना हसू आवरेना. "मग आत चिठ्ठ्या कोण उलटून पाहणार?"

"या खेपेला काळजी नको. कालच पाहिल्यात मी. मागे काही नाही." मग उजव्या हाताची बाही त्यांनी अंगठ्याने चाचपली. क्लिप नव्हती, बटण काजात नीट बसलेलं होतं. "घरी सांगा," ते म्हणाले, "सुटत नाही म्हणून."